वारसा कुणाचा, खांब कुणाचा?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून गाडीने प्रवास करणाऱ्याला आजही एक ध्वज हमखास दिसतो. तो कॉन्फेडरेट ध्वज, म्हणजे 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात संघराज्याविरुद्ध लढलेल्या दक्षिणेचे निशाण. तांबडे कापड, त्यावर तिरकस निळी फुली आणि त्या फुलीत 13 पांढरे तारे. कुणाच्या अंगणात, कुणाच्या पिकअप ट्रकवर, कुठे पेट्रोल पंपावरच्या टोप्यांवर. लावणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, हा आमच्या पूर्वजांचा वारसा आहे. शेजारच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला विचारले तर ते म्हणतात, ही आम्हाला दिलेली धमकी आहे. दोघेही खोटे बोलत नसतात. त्यामुळे अनेक समंजस माणसे या वादातून अंग काढून घेतात आणि ‘ज्याचा त्याचा अर्थ’ म्हणून मोकळी होतात. मला ही भूमिका चुकीची वाटते. हा ध्वज पाहून एखाद्याच्या मनात काय येते, हा त्याचा खासगी प्रश्न असेल. पण सरकारी इमारतीवर तो कधी चढवला गेला, कुणी चढवला आणि त्या वेळी समोर कोणते भांडण चालू होते, हे नोंदलेले आहे. सार्वजनिक अर्थ ठरवायचा तर तो या नोंदींवरूनच ठरवावा लागेल.

आधी या ध्वजाची मूळ हकिकत पाहू. 1860-61 मध्ये संघराज्यातून फुटून निघालेल्या 11 राज्यांनी, म्हणजे कॉन्फेडरसीने, हा ध्वज राष्ट्रध्वज म्हणून कधीच स्वीकारला नव्हता. साउथ कॅरोलिनाच्या विल्यम पोर्चर माइल्स यांनी ही रचना सुचवली तेव्हा ती गॅलिसच्या जोडीसारखी दिसते म्हणून फेटाळली गेली. पसंत झालेला पहिला राष्ट्रध्वज अमेरिकेच्या ध्वजासारखाच दिसे आणि जुलै 1861 मधल्या मॅनॅससच्या लढाईत धुरात आपले कोण आणि परके कोण हे ओळखणे कठीण झाले. म्हणून सेनापती बोरेगार्ड यांच्या आग्रहाने माइल्स यांची रचना लष्करी निशाण म्हणून घेतली गेली. 1863 मध्ये राष्ट्रध्वज बदलताना हे निशाण कोपऱ्यात घालून उरलेले सारे कापड पांढरे ठेवले गेले. सॅव्हाना शहरातल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने त्या पांढऱ्या रंगाचे समर्थन गोऱ्या माणसाचा ध्वज म्हणून उघडपणे केले होते.

हे निशाण ज्या राज्यव्यवस्थेसाठी लढत होते ती कशासाठी उभी राहिली, याबद्दल तिच्या संस्थापकांनी काहीही झाकून ठेवले नाही. उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च 1861 मध्ये सॅव्हाना येथे जाहीर भाषणात सांगितले की नव्या सरकारची कोनशिलाच या तत्त्वावर बसवली आहे की कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या माणसाच्या बरोबरीचा नाही आणि गुलामगिरी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे. मिसिसिपी राज्याने फुटून निघण्याची कारणे जाहीर केली, त्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप असल्याचे पहिल्याच काही ओळींत लिहिले. कॉन्फेडरसीच्या राज्यघटनेने गुलामांवरील मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करण्यास स्वतःच्या काँग्रेसला मनाई केली. ‘युद्ध राज्यांच्या अधिकारांसाठी होते, गुलामगिरी हे निमित्त’ हा युक्तिवाद पराभवानंतरचा आहे. युद्ध सुरू करणाऱ्यांना त्याची गरज वाटली नव्हती.

त्या काळातल्या दूरच्या माणसांनाही हे स्पष्ट कळत होते, याचा एक भक्कम पुरावा पुण्यात आहे. युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली असताना, 1873 मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी औदार्य आणि निरपेक्ष त्याग दाखवला होता. आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांना तिथे उदाहरण सापडले, कारण ते युद्ध कशावरून झाले याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्याच युद्धाने मुंबईला वेगळ्या वाटेनेही गाठले होते. दक्षिणेतली बंदरे नाकेबंदीत अडकल्यामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी त्या तेजीत अफाट श्रीमंत झाले आणि राजाबाई टॉवरसाठीची देणगी त्यांनी याच काळात दिली. 1865 मध्ये युद्ध संपताच ती तेजी कोसळली. थोडक्यात, या ध्वजाखाली लढल्या गेलेल्या युद्धाकडे मराठी मुलखाने पहिल्यापासून अगदीच तिऱ्हाइतासारखे पाहिलेले नाही.

आता ध्वजाच्या समर्थकांचा सर्वांत प्रामाणिक मुद्दा घेऊ, कारण त्याला उत्तर न देता पुढे जाणे अन्यायाचे होईल. ते म्हणतात, आमचा खापरपणजोबा गुलामांचा मालक नव्हता. तो चार एकरांचा शेतकरी होता. आपल्या मुलखावर सैन्य चालून आले म्हणून तो लढला आणि कुठल्यातरी रानात अतिसाराने किंवा गोळीने मेला. त्याची आठवण आम्ही काढायची नाही का? दक्षिणेचे अडीच लाखांहून अधिक सैनिक या युद्धात मेले आणि त्यांतले बहुतेक गरीबच होते. त्यांच्या वंशजांच्या दुःखाला मी कमी लेखत नाही. थडग्याशी उभे राहून पूर्वजाचे स्मरण करण्याचा अधिकार पराभूतालाही असतो, आणि चुकीच्या बाजूने लढलेल्यालाही.

पण त्या गरीब सैनिकाला कॉन्फेडरसीने स्वतः कसे वागवले हेही त्याच्या वंशजांनी पाहायला हवे. एप्रिल 1862 मध्ये तिने सक्तीची लष्करभरती लागू केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, 20 किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट देणारा कायदा केला. ‘युद्ध श्रीमंतांचे, लढाई गरिबांची’ ही तक्रार त्या वेळी दक्षिणेतल्या झोपड्यांतूनच उठत होती. शिवाय पराभवानंतर खुद्द कॉन्फेडरसीचे सेनापती रॉबर्ट ली यांनी 1869 मध्ये गेटिसबर्गच्या रणभूमीवर स्मारके उभारण्याबाबतच्या निमंत्रणाला उत्तर देताना लिहिले की युद्धाच्या जखमा उघड्या न ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे आणि ज्या राष्ट्रांनी यादवीच्या खुणा पुसण्याचा प्रयत्न केला त्यांचे अनुकरण करावे. ज्यांच्या नावाने हा ध्वज फडकवला जातो, त्या माणसाचा सल्ला हा होता.

आणि तो बऱ्याच अंशी काही दशके पाळलाही गेला. युद्धानंतर हा ध्वज प्रामुख्याने माजी सैनिकांचे मेळावे, स्मृतिदिन आणि दफनभूमी यांपुरता होता. मिसिसिपी हा मोठा अपवाद. तिथे 1894 मध्येच हे निशाण राज्याच्या ध्वजाच्या कोपऱ्यात घालण्यात आले, कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळपास संपवणाऱ्या 1890 च्या राज्यघटनेनंतर चारच वर्षांनी. इतरत्र हा ध्वज राजकारणाच्या रस्त्यावर आला तो 1948 मध्ये. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या नागरी हक्कविषयक धोरणाला विरोध म्हणून दक्षिणेतले डेमोक्रॅट फुटले, त्यांनी साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांना उमेदवारी दिली आणि त्यांच्या सभांमध्ये हे निशाण पुन्हा फडकू लागले. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवली. 1956 मध्ये जॉर्जियाने आपला राज्यध्वज बदलून त्याचा बहुतांश भाग या निशाणाने व्यापला. 1961 मध्ये, युद्धाच्या शताब्दीच्या निमित्ताने, साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनावर ते चढले आणि 1962 च्या ठरावाने तिथेच राहिले, कारण ते कधी उतरवायचे याची तारीख ठरावात घातलीच नव्हती. 25 एप्रिल 1963 रोजी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी माँटगमरीच्या विधानभवनावर ते उभारले. त्या दिवशी अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशाबद्दल बोलायला त्यांच्याकडे येत होते.

या तारखा एकमेकींशेजारी ठेवल्या की खापरपणजोबाची आठवण त्यांत कुठे बसते, ते मला दिसत नाही. जॉर्जियाला 1865 पासून 1956 पर्यंत, म्हणजे 91 वर्षे, आपल्या मृत सैनिकांचे स्मरण राज्यध्वजावर या निशाणाशिवाय करता आले होते. न्यायालयाच्या निकालानंतर दोन वर्षांत ते अचानक अशक्य झाले, असे मानायला माणसाने फार भाबडे असावे लागेल. शताब्दीचे निमित्त खरे होते, हे मान्य. पण शताब्दी चार वर्षांत संपली आणि साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या घुमटावर तो ध्वज पुढे 35 वर्षे राहिला.

आणखी एक गोष्ट या तारखांच्या आड राहते. 1956 चे जॉर्जियाचे, 1962 चे साउथ कॅरोलिनाचे आणि 1963 चे अलाबामाचे विधिमंडळ, या तिन्हींत एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. ‘दक्षिणेचा वारसा’ ठरवायला बसलेल्या सभागृहात दक्षिणेतले कृष्णवर्णीय हजरच नव्हते. साउथ कॅरोलिनाच्या 1860 च्या जनगणनेत सुमारे सात लाख लोकसंख्येपैकी चार लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. वारसा संख्येने मोजायचा तर त्या राज्याचा वारसा आधी त्यांचा आहे.

त्यांच्यापैकी एकाचे नाव रॉबर्ट स्मॉल्स. चार्ल्सटनच्या बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या कॉन्फेडरेट वाहतूक जहाजावर तो गुलाम म्हणून सुकाणू सांभाळत असे. 13 मे 1862 च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर मुक्कामाला गेलेले असताना त्याने जहाज सोडले, वाटेत आपल्या आणि सोबत्यांच्या बायकामुलांना चढवून घेतले, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर घातली आणि कॉन्फेडरसीचा ध्वज तसाच फडकत ठेवून एकेका किल्ल्यासमोर ठरलेल्या शिट्ट्या वाजवत तो पुढे गेला. फोर्ट समटर मागे पडल्यावर त्याने तो ध्वज उतरवला आणि त्याजागी पलंगावरची पांढरी चादर चढवली, कारण समोरच्या संघराज्याच्या नौदलाने गोळीबार करू नये एवढीच आता इच्छा होती. हा माणूस पुढे साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळात आणि मग अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. 1895 मध्ये राज्यघटना बदलून कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला जात होता, तेव्हा त्या परिषदेत विरोधात बोलणाऱ्या मोजक्या सहा कृष्णवर्णीय प्रतिनिधींपैकी तो एक होता. दक्षिणेच्या शौर्याची कथा सांगायची असेल तर ही कथा त्यात का नसावी, या प्रश्नाला ध्वजाच्या समर्थकांकडून मी समाधानकारक उत्तर वाचलेले नाही.

1990 च्या दशकात विरोध वाढला. जानेवारी 2000 मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी, साउथ कॅरोलिनाची राजधानी कोलंबिया येथे 40 हजारांहून अधिक लोकांनी मोर्चा काढला. त्यानंतर विधिमंडळाने तडजोड केली. घुमटावरचा ध्वज उतरला आणि विधानभवनाच्या आवारातच, कॉन्फेडरेट सैनिकांच्या स्मारकाशेजारी, सुमारे 30 फूट उंच खांबावर गेला. पुढे यात बदल करायचा तर विधिमंडळाचे दोन-तृतीयांश बहुमत लागेल, अशी अट घातली गेली. तडजोडीचा हा मसुदा कागदावर वाजवी वाटतो आणि मलाही काही काळ तो पटण्यासारखा वाटला असता, पण 2015 च्या जूनमध्ये त्याचा खरा अर्थ जगासमोर आला.

17 जून 2015 च्या संध्याकाळी चार्ल्सटनच्या इमॅन्युएल या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासवर्गात एक 21 वर्षांचा गोरा तरुण येऊन बसला. लोकांनी त्याला जागा दिली. वर्गाच्या शेवटी त्याने नऊ जणांना गोळ्या घातल्या. हे चर्च काही साधे नव्हे. 1822 मध्ये गुलामांच्या उठावाचा कट रचल्याच्या आरोपावरून फाशी गेलेला डेन्मार्क व्हेसी याच धर्ममंडळीतला होता. मृतांत चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी होते आणि ते राज्याचे सिनेटरही होते. काही दिवसांत मारेकऱ्याची त्या ध्वजासह काढलेली छायाचित्रे बाहेर आली.

पिंकनी यांची शवपेटी घोडागाडीतून विधानभवनात आणली गेली, तेव्हा अमेरिकेचा आणि राज्याचा असे दोन्ही ध्वज अर्ध्यावर उतरवलेले होते. आवारातला कॉन्फेडरेट ध्वज मात्र पूर्ण उंचीवर होता, कारण त्याला हात लावण्याचा अधिकार कायद्याने गव्हर्नरलाही ठेवला नव्हता. अंत्यदर्शनाला आलेल्यांना तो दिसू नये म्हणून आतल्या एका खिडकीवर काळा पडदा सोडण्यात आला. स्वतःच्या आवारातला, स्वतः ठराव करून उभारलेला ध्वज आपल्याच मारल्या गेलेल्या सदस्याच्या शवपेटीसमोर येऊ नये म्हणून विधिमंडळाला पडदा लावावा लागतो, यापुढे त्या ध्वजाच्या अर्थाबद्दल आणखी साक्ष कोणती हवी? 27 जूनला ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती खांबावर चढली आणि तिने तो हाताने काढून आणला. तिला अटक झाली आणि तासाभरात ध्वज पुन्हा वर गेला. मग मात्र सिनेटमध्ये 36 विरुद्ध 3 आणि प्रतिनिधिगृहात 94 विरुद्ध 20 मतांनी तो उतरवण्याचा कायदा झाला आणि 10 जुलैला तो उतरला.

त्या कायद्यावर सही करणाऱ्या गव्हर्नर निकी हॅली या पंजाबातून आलेल्या शीख दांपत्याच्या कन्या. त्यांच्या त्या वेळच्या धैर्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण 2014 च्या प्रचारात त्यांनी, एकाही कंपनीप्रमुखाने या ध्वजाबद्दल आपल्याकडे तक्रार केली नाही, असे सांगून हा विषय बाजूला सारला होता. 2019 मध्ये त्यांनी पुन्हा म्हटले की लोकांसाठी तो ध्वज सेवा, त्याग आणि वारसा होता आणि मारेकऱ्याने तो बळकावला. हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. त्या तरुणाने ध्वजाला नवा अर्थ चिकटवला नाही. स्टीफन्स यांनी 1861 मध्ये कोनशिला म्हणून जे सांगितले होते तेच त्याने त्यात वाचले, आणि राज्याने तो ध्वज आवारात ठेवून ते वाचन खोडण्याची संधी इतकी वर्षे दवडली होती. तुमच्या राज्यातल्या चौथ्या हिश्शाहून अधिक नागरिकांची भावना तुमच्या कानावर यायला कंपनीप्रमुखांची मध्यस्थी लागावी, हेही खेदाचे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. गुलामगिरी तर अमेरिकेच्या अधिकृत ध्वजाखालीही 80 वर्षांहून अधिक काळ चालली. मूळ रहिवाशांच्या जमिनी त्याच ध्वजाखाली हिरावल्या गेल्या. मग तोही उतरवायचा का? माझे उत्तर असे की ध्वज आपल्या राज्यव्यवस्थेबरोबर बदलू शकतो, जर तिच्यातच बदलाची वाट असेल. अमेरिकेच्या ध्वजाखाली 1,80,000 च्या आसपास कृष्णवर्णीय सैनिक लढले, त्याच ध्वजाखाली राज्यघटनेत गुलामगिरी संपवणारी 13वी, नागरिकत्व देणारी 14वी आणि मताधिकाराची 15वी दुरुस्ती झाली, आणि मताधिकारासाठी सेल्माहून माँटगमरीला निघालेल्या 1965 च्या मोर्चातल्या माणसांच्या हातात तोच ध्वज होता, तर रस्त्याच्या कडेला शिव्या देणाऱ्यांच्या हातात कॉन्फेडरेट ध्वज. पीडितांनी ज्या ध्वजावर हक्क सांगितला आणि झगडून तो थोडाफार मिळवला, त्याचा इतिहास अजून चालू आहे. कॉन्फेडरसी चार वर्षे जगली, एकाच हेतूसाठी जगली, आणि त्या हेतूपासून तिला वेगळे करील असा एकही क्षण तिच्या आयुष्यात आला नाही.

तरीही, खासगी जागेत हा ध्वज लावण्यावर कायद्याने बंदी घालावी या मताचा मी नाही. अमेरिकेच्या घटनेनुसार तशी बंदी टिकणारही नाही. फ्लोरिडात टॅम्पाजवळ दोन महामार्गांच्या संगमाशी खासगी जमिनीवर अनेक वर्षे एक अवाढव्य कॉन्फेडरेट ध्वज फडकत होता. पाहणाऱ्यांना तो कितीही खुपला तरी बोलणारा मालक कोण हे तिथे स्पष्ट होते. सरकारी खांबाची गोष्ट वेगळी, कारण तिथे फडकणारा ध्वज प्रत्येक नागरिकाच्या नावाने बोलतो, त्याच्या करातून बोलतो. टेक्सासमध्ये कॉन्फेडरेट सैनिकांच्या वंशजांच्या संघटनेने मोटारींच्या सरकारी नंबरप्लेटवर हे निशाण मागितले होते. 18 जून 2015 रोजी, चार्ल्सटनच्या हत्याकांडाच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निर्णय दिला की नंबरप्लेटवरचा मजकूर हे सरकारचे बोलणे आहे आणि सरकारला नकार देता येतो. एरवी परंपरावादी बाजूला असणारे, आणि त्या पीठावरचे एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्ती असलेले, क्लॅरेन्स थॉमस या निर्णयात उदारमतवादी न्यायमूर्तींबरोबर गेले.

उरला प्रश्न बहुमताचा. मिसिसिपीत 2001 मध्ये जनमत घेतले तेव्हा जवळपास दोन-तृतीयांश मतदारांनी जुना ध्वज ठेवला. 2020 च्या जूनमध्ये, पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनांच्या काळात, विधिमंडळाने तो जनमताची वाट न पाहता रद्द केला आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांसमोर मॅग्नोलियाच्या फुलाचा नवा ध्वज ठेवला. जुना ध्वज मतपत्रिकेवर नव्हताच. पर्याय काढून घेतला ही लोकशाहीची फसवणूक झाली, अशी टीका झाली. माझ्या मते विधिमंडळ बरोबर होते. राज्याच्या सर्व नागरिकांना सामावणारे चिन्ह कोणते, हे बहुसंख्यांनी ठरवावे. पण अल्पसंख्यांना हिणवणारे चिन्ह ठेवायचे की नाही, हा मतमोजणीचा विषय नाही.

जॉर्जियाने मात्र मला अडचणीत टाकले आहे. 2001 मध्ये गव्हर्नर रॉय बार्न्स यांनी 1956 चा ध्वज बदलला आणि पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले. 2003 मध्ये आणखी एक ध्वज आला आणि तोच आजही आहे. तो कॉन्फेडरसीच्या पहिल्या राष्ट्रध्वजावर आधारलेला आहे. तीन पट्टे, निळा कोपरा, ताऱ्यांचे वर्तुळ. म्हणजे लष्करी निशाण गेले आणि त्याजागी खुद्द त्या फुटीर सरकारच्या ध्वजाची आठवण आली. अटलांटातली कृष्णवर्णीय मुले रोज तो शाळेवर पाहतात आणि त्यावर फारसे कुणी बोलत नाही, कारण 1956 नंतरच्या कुठल्याही जमावाने तो हातात घेऊन कुणाला घाबरवलेले नाही. मी तारखांवरून अर्थ लावायचा म्हणतो, त्या कसोटीवर हा ध्वज बराचसा सुटतो. पण त्याचे मूळ 1861 च्या मार्चमधले आहे, स्टीफन्स यांच्या भाषणाच्याच महिन्यातले, आणि राज्य त्याबद्दल मौन पाळते हे मला खटकते. तो ध्वज उद्याच बदलावा, असा आग्रह मी धरणार नाही. पण जॉर्जियाच्या शाळांत राज्यध्वजाची माहिती देताना त्याचे मूळ, 1956 ची दुरुस्ती आणि 2001 चा बदल हे तिन्ही सांगितले जावेत, आणि ते सांगितल्यावरही कृष्णवर्णीय नागरिकांना तो ध्वज आपला वाटतो का, हे विधिमंडळाने त्यांना एकदा तरी विचारावे.